योगायोगाचा हिशेब

१९२६ साली केंब्रिजच्या दोन माणसांचे दोन निबंध प्रसिद्ध झाले. पहिला एडगर एड्रियन या शरीरक्रियाशास्त्रज्ञांचा. त्यांनी आणि स्वीडनहून आलेल्या इंग्वे झॉटरमन यांनी बेडकाच्या स्नायूतून निघणाऱ्या एकाच चेतातंतूतले विजेचे ठोके वेगळे करून नोंदवले. स्नायू जास्त ताणला तरी ठोक्याची उंची वाढत नाही, ठोके फक्त अधिक दाट पडू लागतात, हे त्यातून दिसलं. दुसरा निबंध जॉर्ज उडनी यूल या संख्याशास्त्रज्ञांचा. इंग्लंड आणि वेल्समधला मृत्युदर आणि चर्च ऑफ इंग्लंडच्या विधीने लागणाऱ्या लग्नांचं प्रमाण या दोन्ही गोष्टी १८६६ ते १९११ या काळात हळूहळू घसरत गेल्या होत्या. यूल यांनी त्यांचा सहसंबंध गुणांक काढला, तो आला ०.९५. गुणांक १ म्हणजे तंतोतंत जोडी, तेव्हा ०.९५ हा आकडा एखाद्या प्रयोगात मिळाला तर संशोधक पेढे वाटेल. पण चर्चमधली लग्नं कमी झाली म्हणून माणसं कमी मरू लागली, असं कोणी म्हणणार नाही. बेरीज-गुणाकार सगळा बरोबर असताना आकडा इतका खोटा का बोलतो, हा यूल यांचा प्रश्न होता.

एड्रियन यांना १९३२ साली नोबेल मिळालं. यूल यांचा निबंध पुढे अर्थशास्त्रज्ञांनी वाचला. मेंदूच्या अभ्यासकांना त्याची गरज पडली ती बरीच उशिरा, एकाच वेळी दोन न्यूरॉन, म्हणजे मेंदूतल्या चेतापेशी, ऐकता येऊ लागले तेव्हा. तेव्हापासून आजपर्यंत या क्षेत्रातला बहुतेक वाद एकाच गोष्टीवर आहे: दोन न्यूरॉन सोबत बोलले, यातलं किती आपोआप घडणारच होतं?

न्यूरॉनच्या बोलण्याबद्दल आधी थोडं. माणसाच्या मेंदूत सुमारे ८,६०० कोटी न्यूरॉन आहेत. त्यातला एखादा पेटतो तेव्हा त्याच्या आवरणावरचा विद्युतदाब साधारण एक मिलिसेकंदभर, म्हणजे सेकंदाचा हजारावा भाग, एकदम उसळतो आणि खाली येतो. या उसळीला स्पाइक म्हणतात. एका न्यूरॉनच्या सगळ्या स्पाइक जवळपास सारख्याच उंचीच्या असतात, त्यामुळे संशोधकाच्या हातात शेवटी राहते ती वेळांची यादी: ०.०१३ सेकंद, ०.०८७, ०.१०४, ०.२५१… शेजारच्या न्यूरॉनची अशीच दुसरी यादी. या दोन याद्यांकडे बघून ते दोन न्यूरॉन एकमेकांना जोडलेले आहेत का, एकमेकांचं ऐकतात का, हे सांगायचं आहे. डोनाल्ड हेब यांनी १९४९ साली मांडलं होतं की एक पेशी दुसरीला वारंवार पेटवायला हातभार लावत असेल तर त्यांच्यातली जोडणी घट्ट होते. शिकणं आणि आठवणं या दोन्हींच्या मुळाशी ही कल्पना धरली जाते. तेव्हा ‘सोबत पेटणं’ मोजता आलं नाही तर स्मृतीबद्दलची आपली निम्मी बोलणी हवेत राहतात.

छत्रपती संभाजीनगरच्या पुंडलिकनगरात राहणाऱ्याला यातली अडचण पटकन कळेल. या शहराला पाणी जायकवाडीचं. ते फारोळ्याला शुद्ध होतं, नक्षत्रवाडीमार्गे शहरातल्या जलकुंभांत चढतं आणि तिथून व्हॉल्व्ह फिरवून एकेका वसाहतीला सोडलं जातं. रोज येत नाही, वर्षानुवर्षं मध्ये काही दिवसांचा गॅप पडत आला आहे. म्हणून पाळीच्या दिवशी नळाला पाणी सुटलं की गल्लीभर मोटारी सुरू होतात. आता समजा, एका गल्लीतल्या दोन घरांच्या मोटारी कधी सुरू झाल्या याची कोणीतरी वर्षभर नोंद ठेवली. दोन्ही याद्या जुळणार यात शंका नाही. पण का जुळल्या? एक शक्यता अशी की लाईनमनने व्हॉल्व्ह उघडला, दोन्ही घरांत पाणी एकदमच आलं, घरांचा आपसात काही संबंध नाही. दुसरी अशी की पहिल्या घरातल्या काकूंनी खिडकीतून हाक मारली, “पाणी आलंय हो!”, आणि दोन मिनिटांनी शेजारची मोटार चालू झाली. तिसरी शक्यता उलटी: एकाच्या मोटारीने पाणी असं ओढून घेतलं की शेजाऱ्याच्या नळाची धारच गेली, त्याने मोटार बंद केली. आणि चौथी, सगळ्यात साधी: दोघंही सकाळी हौदातलं पाणी गच्चीवरच्या टाकीत चढवतातच, मग काही वेळा वेळ जुळायचीच.

मेंदूत या चारही गोष्टी रोज घडतात. व्हॉल्व्हच्या जागी दोन न्यूरॉनना एकाच ठिकाणाहून मिळणारा संकेत, हाकेच्या जागी पेटवणारी जोडणी, धार तोडण्याच्या जागी विझवणारी जोडणी, आणि चौथ्या जागी निव्वळ योगायोग. यादी चारही वेळा जुळते किंवा बिघडते, कारण मात्र यादीवर लिहिलेलं नसतं.

सुरुवात योगायोगापासून करावी लागते, आणि ती खरी आकडेमोड करूनच समजते. समजा ‘अ’ हा न्यूरॉन सेकंदाला सरासरी १० वेळा पेटतो, ‘ब’ २० वेळा, आणि आपल्याकडे १०० सेकंदांची नोंद आहे. वेळेचे ५ मिलिसेकंदांचे तुकडे पाडले तर २०,००० तुकडे होतात. ‘अ’च्या १,००० स्पाइक आहेत, म्हणजे कोणत्याही एका तुकड्यात तो पेटलेला सापडण्याची संभाव्यता ०.०५. ‘ब’ची ०.१०. दोघांचा एकमेकांशी काडीचा संबंध नसेल तर एकाच तुकड्यात दोघं सापडण्याची संभाव्यता या दोहोंचा गुणाकार, ०.००५. २०,००० ला त्याने गुणलं की उत्तर १००. म्हणजे संबंध शून्य असतानाही शंभर वेळा ते दोघं ‘एकदम’ पेटणारच. नुसतं ‘शंभर वेळा सोबत पेटले’ असं कोणी छापलं तर त्यात माहिती काहीच नाही.

आता नोंदीत प्रत्यक्षात १६० जुळण्या सापडल्या असं धरू. नशिबाने या शंभरात साधारण दहाचा चढउतार होतो, हे त्याचं प्रमाण विचलन. साठ जास्त म्हणजे त्याच्या सहापट. असं आपोआप घडण्याची शक्यता इतकी कमी की ती सोडून द्यावी. सहसंबंध गुणांक काढला तर तो येतो ०.०४६ च्या आसपास. दिसायला किती लहान आकडा! न्यूरॉनच्या जगात गुणांक असेच लहान असतात, कारण बहुतेक तुकडे दोघांच्याही बाबतीत रिकामे असतात. लहान आहे म्हणून तो क्षुल्लक ठरत नाही, हे पुढे दिसेलच.

पण थांबा. त्या १०० सेकंदांत प्राण्याला ५० सेकंद उजेड दाखवला होता आणि ५० सेकंद अंधार होता, असं कळलं तर? उजेडात ‘अ’ १८ च्या गतीने पेटतो आणि ‘ब’ ३६ च्या, अंधारात अनुक्रमे २ आणि ४ च्या. सरासरी तीच, १० आणि २०. उजेडातले १०,००० तुकडे: ०.०९ गुणिले ०.१८, म्हणजे १६२ जुळण्या अपेक्षित. अंधारातले १०,०००: ०.०१ गुणिले ०.०२, म्हणजे २. एकूण १६४. आणि आपल्याला सापडल्या १६०. मघाशी ज्या साठ जादा जुळण्यांवर आपण शोध लावायला निघालो होतो, त्या सगळ्या उजेडाने खाल्ल्या. दोघांनाही उजेड आवडतो, एवढंच खरं. आकडे तेच, नोंद तीच, फक्त ‘अपेक्षित’ किती हा हिशेब नीट केला आणि शोध नाहीसा झाला. यूल यांच्या लग्नांचं आणि मृत्यूंचं नेमकं हेच झालं होतं. दोन्ही गोष्टी काळाबरोबर सरकत होत्या, आणि सरासरी एकच धरून काढलेला गुणांक त्या सरकण्यालाच नातं समजत होता.

१९६७ साली डोनाल्ड पर्केल, जॉर्ज गर्स्टीन आणि जॉर्ज मूर यांनी ‘बायोफिजिकल जर्नल’मध्ये लागोपाठ दोन निबंध छापले. या शाखेचा पाया त्यांनी घातला असं म्हणायला हरकत नाही. त्यांनी सोबत पेटण्याचा एकच आकडा काढण्याऐवजी सगळी अंतरं मांडून बघायला सांगितलं. ‘अ’ची प्रत्येक स्पाइक घ्या, तिच्या आधी आणि नंतर किती मिलिसेकंदांवर ‘ब’च्या स्पाइक पडल्या ते मोजा, आणि त्या अंतरांचा स्तंभालेख काढा. या आलेखाचा आकार वाचायला शिकावं लागतं. मधोमध, शून्यावर, दोन्ही बाजूंना सारखा उतरणारा पसरट उंचवटा असेल तर संशय व्हॉल्व्हवर: दोघांना तिसरीकडून काहीतरी मिळतंय. ‘अ’नंतर एक ते चार मिलिसेकंदांवर अरुंद, टोकदार सुळका असेल तर ‘अ’ची हाक थेट ‘ब’ला जात असण्याची शक्यता मोठी, कारण एक जोडणी ओलांडायला साधारण तेवढाच वेळ लागतो. त्याच जागी खड्डा असेल तर ‘अ’ ‘ब’ला विझवत असावा. क्ले रीड आणि होसे-मानुएल अलोन्सो यांनी १९९५ साली मांजराच्या मेंदूत डोळ्याकडून आलेला संकेत पुढे पाठवणाऱ्या थॅलॅमसपासून दृष्टिकेंद्रापर्यंत जाणाऱ्या थेट जोडण्या अशाच सुळक्यांवरून शोधल्या. ज्या पेशींना डोळ्यासमोरच्या एकाच जागेचा उजेड-अंधार तंतोतंत जुळतो त्यांच्यातच त्या प्रामुख्याने सापडतात, हेही त्यांनी दाखवलं. तारा उघडून न बघता, नुसत्या वेळांच्या दोन याद्यांवरून हे वाचता यावं, याचं मला फार अप्रूप वाटतं.

मघाचा उजेडाचा घोटाळा कसा काढायचा, याचाही उपाय पर्केल, गर्स्टीन आणि मूर यांनीच दिला. एकच दृश्य प्राण्याला पुन्हा पुन्हा दाखवायचं. मग पहिल्या फेरीतली ‘अ’ची यादी दुसऱ्या फेरीतल्या ‘ब’च्या यादीशी जुळवायची. वेगवेगळ्या वेळच्या फेऱ्या असल्यामुळे त्यात थेट बोलणं असूच शकत नाही. जी जुळणी उरते ती सगळी दृश्यामुळे आलेली. ती खऱ्या जुळणीतून वजा करायची. पुंडलिकनगरात या पाळीची पहिल्या घराची नोंद पुढच्या पाळीतल्या दुसऱ्या घराच्या नोंदीशी लावण्यासारखंच हे. व्हॉल्व्ह ठरल्या वेळी उघडत असेल तर जुळणी तरीही दिसेल, काकूंची हाक मात्र त्यातून गळून पडेल.

ही वजाबाकी पुष्कळ वर्षं पुरेशी मानली गेली. १९९९ साली कार्लोस ब्रॉडी यांनी तिच्यातलं भोक दाखवलं. फेऱ्या एकसारख्या असतात हे आपण गृहीत धरतो, पण प्राणी काही फेऱ्यांत जागा असतो, काहींत पेंगतो. पेंगल्यावर दोन्ही न्यूरॉन मंदावतात, जागा झाला की दोन्ही वाढतात. फेऱ्यांची अदलाबदल केली की हा संथ चढउतार मोडतो, आणि वजाबाकीनंतर असा उंचवटा उरतो जो हुबेहूब जोडणीसारखा दिसतो. यावर पुढे जो उपाय रुळला तो मला सगळ्यांत पटतो. प्रत्येक स्पाइक तिच्या जागेवरून थोडीशी, समजा १० मिलिसेकंदांच्या आत, चिठ्ठ्या टाकून पुढेमागे सरकवायची आणि जुळण्या पुन्हा मोजायच्या. हे हजार वेळा करायचं. संथ गोष्टी, म्हणजे उजेड, पेंग, भूक, एवढ्याशा सरकवण्याने बदलत नाहीत. बदलतो तो फक्त मिलिसेकंदांचा नेमकेपणा. मूळ नोंदीतल्या जुळण्या त्या हजार बनावट नोंदींपेक्षा जास्त असतील तरच नेमक्या वेळेबद्दल काही बोलावं.

पण वेळांच्या या याद्या मुळात बनतात कशा? त्यात एक मराठी धागा आहे, आणि तो आपल्याकडे पुरेसा सांगितला जात नाही. दामोदर धर्मानंद कोसंबी यांना महाराष्ट्र ओळखतो तो प्राचीन भारताच्या इतिहासाचे भाष्यकार म्हणून. जन्म गोव्यातल्या कोसबें गावचा, १९०७ चा. वडील धर्मानंद, पाली आणि बौद्ध विद्येचे थोर अभ्यासक. दामोदर हार्वर्डला शिकले, परत आले आणि १९३० च्या दशकापासून १९४५ पर्यंत पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात गणित शिकवत होते. त्यानंतर होमी भाभांनी त्यांना टाटा मूलभूत संशोधन संस्थेत नेलं. प्राचीन आहत नाणी हजारोंनी तोलून, झिजेवरून त्यांच्या चलनाचा काळ काढायचा त्यांचा उद्योग प्रसिद्ध आहे, आणि संख्याशास्त्रावरची त्यांची पकड त्यात दिसते. पण १९४३ साली, फर्ग्युसनमध्ये असताना, त्यांनी ‘जर्नल ऑफ द इंडियन मॅथेमॅटिकल सोसायटी’त एक निबंध लिहिला. एकमेकांसारखे पण थोडे थोडे वेगळे असे खूप वक्र समोर असतील, तर त्या सगळ्यांना मोजक्या मूळ आकारांच्या मिश्रणातून कसं मांडायचं, आणि ते मूळ आकार असे कसे निवडायचे की मिश्रणातली प्रमाणं एकमेकांशी सहसंबंध ठेवणार नाहीत, हे त्यात होतं. पुढच्या काही वर्षांत फिनलंडच्या कारी कार्हुनेन आणि फ्रान्सच्या मिशेल लोएव्ह यांनी तीच गोष्ट स्वतंत्रपणे मांडली आणि जगभर तिला त्या दोघांचं नाव पडलं. अलीकडे काही ग्रंथांत कोसंबींचं नाव पहिलं लावतात. ते योग्यच आहे.

न्यूरॉन ऐकणाऱ्या जवळजवळ प्रत्येक प्रयोगशाळेत ही कल्पना वापरली जाते, आणि तीही अगदी पहिल्या पायरीला. मेंदूत घातलेली तार एकाच पेशीजवळ कधीच नसते. तिला आजूबाजूच्या पाच-दहा पेशी एकदम ऐकू येतात. तारेवरचा दाब सेकंदाला सुमारे ३०,००० वेळा मोजला जातो, म्हणजे एका स्पाइकचे तीस-चाळीस आकडे हातात येतात. जवळच्या पेशीची स्पाइक उंच आणि टोकदार, लांबच्या पेशीची बुटकी आणि पसरट. हे हजारो वक्र, थोडे थोडे वेगळे. कोसंबींच्या प्रश्नासारखाच हा प्रश्न. तीस-चाळीस आकड्यांचा वक्र मूळ आकारांच्या भाषेत लिहिला की दोन-तीन आकड्यांत मावतो. ते आकडे कागदावर ठिपके म्हणून टाकले की ठिपक्यांचे पुंजके दिसतात, आणि एक पुंजका म्हणजे एक न्यूरॉन.

हे वर्गीकरण मी मुद्दाम इतकं सांगतो आहे, कारण संबंध मोजण्यातले सगळ्यांत वाईट अपघात इथे होतात आणि पुढचं कितीही भारी गणित ते दुरुस्त करू शकत नाही. एकाच तारेवरचे दोन न्यूरॉन एकाच मिलिसेकंदात पेटले तर त्यांचे वक्र एकावर एक चढतात, तयार झालेला तिसराच आकार कोणत्याही पुंजक्यात बसत नाही, आणि संगणक तो टाकून देतो. मग आलेखात बरोबर शून्यावर एक खड्डा पडतो. अनुभव नसलेला माणूस त्याला ‘हे दोघं एकमेकांना विझवतात’ असं वाचतो. याच्या उलट, एकाच न्यूरॉनची स्पाइक दोन तारांनी ऐकली आणि तिला दोन नावं पडली, तर शून्यावर आभाळाला भिडणारा सुळका येतो. एकाच तारेवरच्या जोडीचा शून्याजवळचा भाग वाचूच नये, असा दंडक म्हणूनच पाळला जातो.

पुढचा धोका संख्येचा. २०१७ साली आलेल्या न्यूरोपिक्सेल्स या केसासारख्या बारीक पट्टीवर ९६० नोंदबिंदू आहेत, त्यातले ३८४ एकाच वेळी वाचता येतात आणि शेकडो न्यूरॉन एकदम मिळतात. पाचशे न्यूरॉन म्हणजे १,२४,७५० जोड्या. शंभरात एक चूक चालेल अशी सवलत प्रत्येक जोडीला दिली, तर एकही खरा संबंध नसताना बाराशेहून जास्त ‘संबंध’ छापून तयार. शिवाय नुसता सहसंबंध गुणांक पेटण्याच्या गतीबरोबर वाढतो, हे २००७ साली हायमे दे ला रोचा आणि सहकाऱ्यांनी दाखवलं. म्हणजे एका वयाच्या उंदरात गुणांक जास्त आणि दुसऱ्यात कमी आला, तर फरक नात्यात आहे की नुसत्या गतीत, हे सांगता येत नाही. २०१४ साली कॅथरीन कट्स आणि स्टीफन एग्लेन यांनी तोवर वापरात असलेली ३५ मापं एका रांगेत तपासली आणि गतीमुळे न हलणारं एक नवं माप सुचवलं. पस्तीस मापं! हा गोंधळ वाटतो खरा. मला तो या क्षेत्राच्या प्रामाणिकपणाचा पुरावा वाटतो, कारण त्यातलं प्रत्येक माप कोणाच्या तरी चुकीवर बोट ठेवण्यासाठी जन्माला आलेलं आहे.

आता त्या लहान आकड्यांकडे परत येऊ. १९९४ साली एहुद झोहारी, मायकेल शॅडलन आणि विल्यम न्यूसम यांनी माकडाच्या मेंदूतल्या हालचाल ओळखणाऱ्या भागात शेजारच्या न्यूरॉनच्या जोड्या मोजल्या. एकच दृश्य पुन्हा पुन्हा दाखवताना जो चढउतार उरतो, त्यातला सरासरी गुणांक आला ०.१२. एवढासा. पण त्याचा परिणाम बघा. एकेक न्यूरॉन बेभरवशाचा असतो, म्हणून मेंदू पुष्कळांची सरासरी घेत असेल असं आपण मानतो. चुका स्वतंत्र असतील तर शंभर न्यूरॉनची सरासरी एकट्यापेक्षा दहापट नेमकी होते. चुकांमध्ये ०.१२ चा सहसंबंध असेल तर शंभर न्यूरॉनचं मोल आठ स्वतंत्र न्यूरॉनएवढंही भरत नाही. आणि लाख न्यूरॉन घेतले तरी ते साडेआठच्या वर जात नाही, कारण जी चूक सगळे मिळून करतात ती सरासरीने कधीच पुसली जात नाही. २०१० साली अलेक्झांडर एकर यांच्या गटाने माकडाच्या दृष्टिकेंद्रात हाच गुणांक ०.०१ च्या आसपास मोजला. तो खरा धरला तर मर्यादा शंभर न्यूरॉनांवर जाते. मेंदूबद्दलचं आपलं चित्र ०.१२ आणि ०.०१ यांच्यातल्या फरकावर पालटतं, म्हणून पेंग, वर्गीकरण आणि गती यांचे घोटाळे निस्तरण्यात लोक आयुष्य घालवतात. मार्लीन कोहेन आणि जॉन मॉन्सेल यांनी २००९ साली दाखवलं की माकडाने एखाद्या जागेकडे लक्ष दिलं की तिथल्या न्यूरॉनमधला हा सामाईक चढउतार कमी होतो, आणि कामगिरी सुधारण्याचा मोठा भाग त्यातूनच येतो. लक्ष देणं म्हणजे काय, याचं इतकं मोजता येणारं उत्तर दुसरं माझ्या वाचनात नाही.

सोबत पेटण्याला अर्थ असतो का, की तो नुसता तारांच्या जाळ्याचा आवाज, हा प्रश्न तरीही उरतो. याचं सर्वांत स्वच्छ उत्तर कीटकांनी दिलं. टोळाला वास दिला की त्याच्या मेंदूतले न्यूरॉन सेकंदाला सुमारे २० च्या लयीत एकत्र पेटतात, हे जिल लोराँ यांच्या गटाने १९९० च्या दशकात मांडलं. पिक्रोटॉक्सिन हे औषध दिलं की विझवणाऱ्या जोडण्या बंद पडतात आणि ही एकलय मोडते, एकेका न्यूरॉनचं पेटणं मात्र फारसं बदलत नाही. १९९७ साली मार्क स्टॉपफर आणि सहकाऱ्यांनी मधमाश्यांवर हेच केलं. एकलय मोडलेल्या माश्यांना अगदी वेगळे वास ओळखता आले, पण एकमेकांजवळचे, मिळतेजुळते वास वेगळे करता येईनात. म्हणजे बारीक फरक त्या सोबतीत साठवलेला होता. आकडेमोडीने दाखवलेला संबंध हाताने मोडून बघितला आणि वागणं बिघडलं, यापेक्षा भक्कम पुरावा मागता येत नाही. विझवणाऱ्या जोडण्यांच्या जाळ्याच्या रचनेतून अशी लय कशी उभी राहते, यावर स्टॉपफर यांच्यासोबत काम केलेले कॉलिन्स असिसी पुण्याच्या आयसर या विज्ञान संस्थेत आहेत.

कोणाचा कोणावर प्रभाव पडतो, ही दिशा शोधणाऱ्या पद्धतींबद्दल थोडक्यात. क्लाइव्ह ग्रेंजर यांनी १९६९ साली अर्थशास्त्रासाठी असा निकष दिला: ‘अ’चा भूतकाळ माहीत असल्याने ‘ब’चं भविष्य, ‘ब’च्या स्वतःच्या भूतकाळापेक्षा जास्त चांगलं सांगता येत असेल, तर ‘अ’चा ‘ब’वर प्रभाव धरा. मेंदूत तो सर्रास वापरतात. पण न नोंदवलेला तिसरा न्यूरॉन, म्हणजे आपला व्हॉल्व्ह, ‘अ’ला लवकर आणि ‘ब’ला उशिरा पोचत असेल तर हा निकष सरळ फसतो. ८,६०० कोटींपैकी आपण शेकड्यांनी ऐकतो, तेव्हा न नोंदवलेला तिसरा कायमच असतो.

जोड्यांच्या पलीकडेही बघावं लागतं. ४० न्यूरॉन प्रत्येक क्षणी पेटलेले किंवा विझलेले धरले तर सुमारे १.१ लाख कोटी नमुने संभवतात. २० मिलिसेकंदांचे तुकडे पाडले तर तासाभराच्या नोंदीत तुकडे होतात १,८०,०००. सगळे नमुने मोजून संभाव्यता काढायची तर आयुष्य पुरणार नाही. २००६ साली एलाद श्नाइडमन, मायकेल बेरी, रोनेन सेगेव्ह आणि विल्यम बिआलेक यांनी सॅलॅमँडर या उभयचर प्राण्याच्या डोळ्याच्या पडद्यावर एक प्रश्न तपासला: प्रत्येक न्यूरॉनची गती आणि प्रत्येक जोडीचा सहसंबंध एवढंच माहीत असेल, म्हणजे ४० न्यूरॉनना ४० आणि ७८० मिळून ८२० आकडे, तर बाकीचं चित्र त्यातून निघतं का? चुंबकातल्या कणांसाठी बनवलेलं जुनं गणित त्यांनी वापरलं. जोड्यांतले गुणांक इतके क्षीण की ते नाहीतच असं मानायचा मोह व्हावा. तसं मानलं तर पुष्कळ पेशी एकदम पेटण्याचं भाकीत प्रचंड चुकलं. क्षीण गुणांक हिशेबात धरले तर दहा-दहा पेशींच्या गटांतली सुमारे ९० टक्के रचना त्यातून बाहेर आली. मघाशी ०.०४६ ला क्षुल्लक म्हणू नका म्हटलं ते यासाठी.

हे सगळं वाचून ज्याला प्रत्यक्ष करून बघावंसं वाटेल त्याला एक सांगणं. छत्रपती संभाजीनगरच्या डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठात संख्याशास्त्राचा विभाग आहे, संगणकशास्त्र विभागात ईईजीवर, म्हणजे डोक्यावरून घेतलेल्या मेंदूच्या विद्युत नोंदींवर, काम झालं आहे, आणि त्या विषयांच्या विद्यार्थ्याला इथलं गणित अजिबात जड नाही. खऱ्या मेंदूंच्या नोंदीही मिळतात: अमेरिकेतल्या ॲलन संस्थेने न्यूरोपिक्सेल्सच्या नोंदी सगळ्यांसाठी खुल्या ठेवल्या आहेत, आणि त्यांचं विश्लेषण करायला पायथॉनमधलं ‘एलिफंट’ हे साधन फुकट आहे. एक साधा लॅपटॉप पुरे. त्यातले कोणतेही दोन न्यूरॉन निवडा, पण वेगवेगळ्या नोंदबिंदूंवरचे. गुणांक काढायच्या आधी स्पाइक सरकवून हजार बनावट नोंदी तयार करा आणि आपली खरी जुळणी त्यांच्या गर्दीत कुठे बसते ते बघा. ती गर्दीतच बसली तर तेही लिहून ठेवा, खोडू नका.